‘गायक यायचा राहिलाय’: मीटर्स पहिल्यांदा ऐकणाऱ्याला

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लहानपणी चार वर्षं तबला शिकलात, सध्या फंकचं, म्हणजे ठेक्यावर उभ्या असलेल्या अमेरिकी नाचाच्या संगीताचं, वेड लागलंय, आणि जिकडे तिकडे ‘द मीटर्स’ या न्यू ऑर्लिन्सच्या बँडचं नाव वाचून तुम्ही त्यांच्या सगळ्या रेकॉर्डिंगचा सहा सीडींचा संच मिळवलात. रविवारी सकाळी चहा घेऊन पहिल्या ट्रॅकपासून बसलात आणि आठव्या-नवव्या ट्रॅकला मन उडालं. तुम्ही लिहिलंय, ‘सगळं सारखंच वाटतं. साथीदार येऊन बसलेत, वाद्यं लागलीत, ठेका सुरू झालाय, फक्त गायक यायचा राहिलाय. माझं काही चुकतंय, की हे संगीत माझ्यासाठी नाहीच?’

मी बास गिटार वाजवतो. बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात काढली, आता पुण्यात घरीच शिकवणी घेतो. शिकायला येणाऱ्या पोरांना पहिल्या सहा महिन्यांत मी मीटर्स ऐकवतोच आणि त्यातली निम्मी तरी तुमच्यासारखंच तोंड करतात. पण तुमच्याइतकं नेमकं कुणी बोललेलं नाही. गायक यायचा राहिलाय हे तुम्ही वैतागून लिहिलं असेल, पण या बँडच्या बाबतीत ते अक्षरशः घडलेलं आहे.

साठीच्या दशकाच्या मध्यावर आर्ट नेव्हिल हा ऑर्गन वाजवणारा, गाणारा माणूस न्यू ऑर्लिन्समध्ये एक ताफा चालवत होता. त्याचे धाकटे भाऊ ॲरन आणि सिरिल त्यात गायचे. पुढे फ्रेंच क्वार्टर भागातल्या आयव्हनहो नावाच्या क्लबात रोजचं काम मिळालं, पण तिथे चौघांपुरतीच सोय होती. भाऊ बाहेर राहिले. उरले ते ऑर्गनवर आर्ट, गिटारवर लिओ नोसेन्टेली, बासवर जॉर्ज पोर्टर ज्युनियर आणि ड्रम्सवर झिगाबू मॉडेलिस्ट. बाहेर राहिलेला ॲरन म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे. पुढे लिंडा रॉन्स्टॅटबरोबरच्या त्याच्या द्वंद्वगीतांनी १९८९मध्ये जग गाजवलं, तोच हा. तर असा गळा ज्या बँडमधून जागेअभावी गेला, त्या बँडला रोज रात्री नाचणारी माणसं नाचत ठेवायची होती आणि हाताशी चार वाद्यं होती.

याच चौघांना ॲलन तूसाँ यांनी हाताशी धरलं. तूसाँ म्हणजे न्यू ऑर्लिन्सचे पियानिस्ट, गीतकार, संगीतकार आणि निर्माते, सगळं एकाच माणसात. मार्शल सीहॉर्न या भागीदाराबरोबर त्यांची कंपनी होती आणि तिथे येणाऱ्या ली डॉर्सीसारख्या गायकांच्या मागे वाजवायला ही मंडळी कायमची ठेवलेली. म्हणजे पोटापाण्याचा धंदा संगतकाराचा. गायक नसेल तेव्हा तेच चौघे आपापसात जे वाजवायचे त्याच्या रेकॉर्ड १९६८च्या सुमारास निघायला लागल्या. ‘सिसी स्ट्रट’ ही १९६९ची तबकडी अमेरिकेच्या आर अँड बी यादीत चौथ्या आणि पॉपच्या यादीत तेविसाव्या क्रमांकापर्यंत गेली. गाण्याचा एक शब्द नसताना.

तेव्हा तुमच्या कानाला जे जाणवलं ते खरंच आहे. तुम्ही त्याला उणीव समजलात, इतकंच. आपल्याकडे एकल तबला ऐकताना हार्मोनियमवाला लेहरा, म्हणजे तीच एक सुरावट फिरून फिरून, धरून बसतो आणि तबलजी बोलतो. इथे कल्पना करा की लेहरा धरणारे चौघं आहेत आणि एकल कुणीच वाजवत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याला धरून बसलाय. आपला कान मुखडा-अंतरा शोधत राहतो, तो सापडत नाही, म्हणून सगळं सारखं वाटतं. ओळखीच्या माणसांतला फरक दिसतो, अनोळखी गर्दी एकसारखी दिसते, तसंच आहे हे. चौघांना वेगवेगळं ओळखता आलं की सारखेपणा निघून जातो.

पुढचं सांगण्याआधी दोन-तीन गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत, त्या बोलून घेतो. तुम्ही कशावर ऐकताय ते लिहिलेलं नाही. फोनच्या स्पीकरवर बास जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणजे आधीच चौघांतला एक माणूस तुम्ही दाराबाहेर उभा केलात. साधे तारेचे हेडफोनही चालतील, पण हेडफोन हवेतच. दुसरं, तुम्हांला शब्द लागतात का? काही लोकांना लागतात, त्यात कमीपणा नाही, मग तुमचा रस्ता थोडा वेगळा, तो पुढे सांगतो. आणि तिसरं, तुम्ही हे नुसतं ऐकणार आहात की वाजवायचाही विचार आहे? प्रश्नाच्या शेवटी ‘बास शिकायला घेऊ का’ असं हळूच विचारलंय, म्हणून मी तुम्हांला थोडं वाजवणाऱ्याच्या बाजूने सांगतोय.

आता तो संच. २०२०मध्ये इंग्लंडमधून निघालेला तो सहा सीडींचा संच मीही घेतलाय आणि तो उत्तम आहे. १९६८ ते १९७७मधलं जोसी, रिप्रीझ आणि वॉर्नर या तिन्ही कंपन्यांसाठीचं काम एका जागी आहे. पण तो पहिल्या ट्रॅकपासून शेवटापर्यंत ऐकायची वस्तू नव्हे. सुरुवातीचं सगळं काम तीन-तीन मिनिटांच्या छोट्या तबकड्यांचं. ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकायचं, एक वाजवायची, नाचायचं, मग दुसऱ्या कुणाची तरी वाजणार. सलग तीस ऐकायला ती कुणी केलेलीच नव्हती. दिवाळीचा फराळ आला म्हणून कुणी सकाळी सगळ्या चकल्या एका बैठकीत संपवत नाही. तुम्ही तेच केलंत.

म्हणून या आठवड्यात एकच ट्रॅक ऐका. ‘सिसी स्ट्रट’. स्ट्रट म्हणजे छाती काढून ऐटीत चालणं, आणि हे चालणं लक्षात ठेवा, ते पुढे कामाला येणार आहे. सुरुवातीला एक आरोळी येते आणि लगेच गिटार व बास एकच सुरावट एकत्र वाजवू लागतात. लय मिनिटाला नव्वदच्या आसपास, म्हणजे घाई अजिबात नाही. एका आवर्तनात चार ठोके आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग. सोळा झाले की नाही? तबल्यामुळे सोळा तुमच्या अंगात आहेत, त्यांचा फायदा घ्या. तीनतालाशी नातं मात्र जोडू नका, इथे खाली-भरी काही नाही. फक्त मोजण्याची सवय वापरा. हातावर सोळा मोजत बसा आणि बघा की गिटार-बासची ओळ कुठे सुरू होते, कुठे थांबते. थांबते हेच महत्त्वाचं. ओळीच्या मध्येमध्ये मोकळी जागा आहे आणि तीत कुणी घुसत नाही. त्या जागेतून ड्रम्स ऐकू येतात.

पहिल्या वेळी फक्त ड्रम्स ऐका. हिंदी-मराठी गाण्यांवर वाढलेल्या आपल्या कानाला सवय असते की डाव्या बाजूला हाय-हॅट, म्हणजे एकमेकींवर बसवलेली झांजांची जोडी, घड्याळासारखी टिकटिकत राहणार आणि दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावर स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, पडणार. झिगाबू ती टिकटिक सलग ठेवत नाही. हात हाय-हॅट आणि स्नेअर यांच्यात फिरत राहतात, मधेच एखादी जागा तशीच सोडून देतो, आणि स्नेअर तुम्ही बोट ठेवाल त्याच्या किंचित अलीकडे नाहीतर पलीकडे येते. तबल्यात जसा एकच ठेका दहा तबलजी दहा प्रकारे भरतात आणि बोल तेच असून वजन बदलतं, तसं समजा. पहिल्यांदा हे विस्कळीत वाटेल. सोळा मोजणं सोडू नका. सातव्या-आठव्या वेळी तुमची मान आपोआप हलायला लागेल आणि ती बरोबर जागी हलेल.

मग बास. पोर्टर रिफमध्ये, म्हणजे त्या फिरून फिरून येणाऱ्या ओळीत, गिटारबरोबर आहे, पण रिफ संपून नुसता ठेका उरतो तिथे दोघं वेगळे होतात. त्या भागात बास किती थोडं वाजवतो ते मोजा, अक्षरशः सूर मोजा. आणि सूर किती लांब धरतो हेही बघा, कारण सूर कधी सोडायचा हा बासवाल्याचा अर्धा धंदा आहे. गिटारचं आणि ऑर्गनचं मी लांबवत नाही. नोसेन्टेलीचा उजवा हात ऐका, आणि ऑर्गन तर एवढा मागे बसलाय की तो वाजतोय हे कळायलाच तुम्हांला दोन दिवस लागतील. कळला की मग काढून टाकून बघा मनातल्या मनात. खोली रिकामी वाटेल.

इथे माझी फजिती सांगतो. कॉलेजात असताना आम्ही चौघांनी एका स्नेहसंमेलनासाठी हाच ट्रॅक बसवायला घेतला. मला रिफ दोन दिवसांत आला आणि मी खूश. तालमीत मी त्या मोकळ्या जागांत आपले छोटे छोटे तुकडे भरायला लागलो, कारण रिकामं राहिलं की बोटं शिवशिवायची. तिसऱ्या तालमीला ड्रम्सवाल्याने काड्या मांडीवर ठेवल्या आणि म्हणाला, ‘तू सारखा बोलत राहिलास तर मी बोलू कधी?’ मला राग आला. रात्री टेपवर तालीम ऐकली तेव्हा कळलं की आमच्यात आणि त्यांच्यात एकच फरक होता. त्यांनी जिथे हात उचलला होता तिथे मी हात घातला होता. पुढे ऑर्केस्ट्रात गायकाच्या मागे वाजवताना मला बोलावणी येत राहिली ती या एका धड्यामुळे, बोटांच्या वेगामुळे नव्हे. माझ्यापेक्षा वेगवान बासवाले तेव्हाही चिक्कार होते.

आता ते ऐटीत चालणं. न्यू ऑर्लिन्समध्ये मिरवणुकीचं वेड आहे. कुणी गेलं तरी ब्रास बँड लावून नेतात, जाताना संथ आणि परतताना नाचत. बँड आणि ज्यांची मिरवणूक ती मंडळी ही पहिली रांग, आणि मागून रुमाल-छत्र्या उडवत नाचत येणारे लोक म्हणजे ‘सेकंड लाईन’, दुसरी रांग. त्या चालीलाच पुढे ते नाव पडलं. मिरवणुकीच्या या ब्रास बँडमध्ये ड्रमसेट नसतो. मोठा ढोल एकाच्या गळ्यात, स्नेअर दुसऱ्याच्या, आणि दोघांना चालता चालता वाजवायचं असतं.

पुण्यात लक्ष्मी रोडवर विसर्जन मिरवणूक पाहिली असेल तर हे वेगळं समजावून द्यायला नको. ढोल जमीन धरतो, ताशा त्याच्यावर फिरतो, आणि ताशावाल्याचे हात कागदावर लिहिलेल्या मात्रांपेक्षा जरा लवचीक असतात. ताशा मशीनसारखा नेमक्या सोळाव्या भागावर पडला तर मिरवणूक नाचणारच नाही. दोन्हींचे ठेके वेगळे आहेत, त्यांचा इतिहासही वेगळा, त्यामुळे साम्य फार ओढायला नको. पण रस्त्यावरच्या तीन-चार माणसांचं काम झिगाबू एका ड्रमसेटवर बसून करतोय हे डोक्यात ठेवून ऐका. मला स्वतःला त्याचे ते अलीकडे-पलीकडे पडणारे ठोके पुस्तकातून नव्हे, टिळक रोडला चार तास उभं राहिल्यावर कळले होते.

‘सिसी स्ट्रट’ अंगात मुरला की अनुक्रमाने पुढे जाऊ नका. एकदम पाच वर्षं उडी मारा आणि १९७४चा ‘रिज्युव्हिनेशन’ लावा. आणि तुम्हांला शब्द लागत असतील तर ‘सिसी स्ट्रट’चा आठवडाही गाळा, थेट इथेच या. कारण इथे गायक आलाय! आर्ट नेव्हिल गातोय, ब्रास आहे, गाण्यांना सुरुवात-शेवट आहे, पण खालचे चौघे तेच आहेत. जोसी कंपनी बंद पडल्यावर १९७२पासून ते रिप्रीझकडे गेले होते, आणि तूसाँ-सीहॉर्न यांनी शहरात स्वतःचा सी-सेंट स्टुडिओ १९७३मध्ये उभा केला होता. आवाज एकदम भरदार झालाय. (तो स्टुडिओ २००५च्या कॅटरिना वादळाच्या पुरात गेला.)

यातलं ‘हे पॉकी अ-वे’ आधी ऐका. सुरुवातीला नुसते ड्रम्स येतात, तीच मिरवणुकीची चाल, आणि मग पियानो येतो तो असा की खुर्चीत बसवत नाही. हे शब्द मार्डी ग्रा इंडियन्सच्या घोषणांतून आलेत. मार्डी ग्रा इंडियन्स म्हणजे न्यू ऑर्लिन्समधल्या कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या टोळ्या. वर्षभर मणी आणि पिसं शिवून पोशाख करायचे, मार्डी ग्रा या सणाच्या दिवशी ते घालून रस्त्यावर उतरायचं आणि एकमेकांच्या टोळ्यांना सामोरं जाऊन गायचं. शब्दांचा अर्थ शोधू नका, आपल्याकडच्या लेझीमच्या घोषणांचा कुठे लागतो?

मग ‘जस्ट किस्ड माय बेबी’. माझ्या मते या बँडच्या बासचं शिखर हे आहे. संथ, रुंद आणि जागाच जागा. याच्यावर मी शिकवणीत दीड महिना घालवतो आणि पोरं कंटाळतात. कंटाळू देतो. ‘पीपल से’ आणि ‘आफ्रिका’ ही दोन लगेच आवडतील. ‘आफ्रिका’ हे रेड हॉट चिली पेपर्स या रॉक बँडने १९८५मध्ये शब्द फिरवून ‘हॉलिवूड’ म्हणून वाजवलं आणि त्या रेकॉर्डचा निर्माता होता पार्लमेंट-फंकाडेलिक या फंक ताफ्यांचा जॉर्ज क्लिंटन. ‘इट एन्ट नो यूज’ बारा मिनिटांचं आहे, ते पहिल्या फेरीत सोडलंत तरी चालेल. मी वर्षभर सोडलं होतं.

यानंतर मागे फिरा. १९६९चा पहिला ‘द मीटर्स’, मग ‘लुक-का पाय पाय’, मग १९७०चा ‘स्ट्रटिन’. एका बैठकीत एक बाजू, म्हणजे पाच-सहा ट्रॅक, त्याहून जास्त नाही. तुम्ही ज्या ट्रॅक्सना सारखे म्हणालात तेच हे, पण आता चौघे ओळखीचे झालेत, त्यामुळे कोण आज काय वेगळं करतोय हे दिसेल. तिन्हींत मला ‘लुक-का पाय पाय’ सगळ्यांत प्रिय, कारण तिथे चौघांनाही कळलंय की आपण काय शोधून काढलंय, आणि अजून त्याचा धंदा झालेला नाही. त्याच नावाच्या ट्रॅकमध्ये ते तोंडाने जे आवाज काढतात तेही एक वाद्यच धरा. त्या अल्बममधल्या ‘ओ कलकत्ता’ या नावाला भुलू नका, आपल्या कोलकात्याशी त्याचं काही नाही, त्या काळी न्यूयॉर्कमध्ये गाजत असलेल्या एका नाट्यप्रयोगाचं ते नाव. पण हा ट्रॅक ऐकताना तुमच्या पिढीला काहीतरी ओळखीचं वाटेल. अमेरी या गायिकेच्या २००५च्या ‘वन थिंग’मधले ते कोसळत येणारे ड्रम्स इथून उचललेत.

उचलण्यावरून आठवलं. ‘स्ट्रटिन’मधलं ‘हँड क्लॅपिंग साँग’ ऐका. टाळ्या, ड्रम्स आणि पोरांच्या खेळातल्यासारखी म्हटलेली एक ओळ, बस. अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या हिपहॉप गटाने १९९३मध्ये त्यावर ‘क्लॅप युअर हँड्स’ बांधलं. हिपहॉपवाले मीटर्सकडे पुन्हा पुन्हा का गेले याचं उत्तर माझ्या लेखी साधं आहे. ज्यांना वरून शब्द ठेवायचे होते त्यांना अशी रेकॉर्ड हवी होती जिच्यात गायकाची खुर्ची रिकामी आहे. जी गोष्ट तुम्हांला खटकली, तिच्यावरच दुसऱ्या कुणाचं घर उभं राहिलं.

याच अल्बममध्ये ‘चिकन स्ट्रट’ आहे, त्यात ते चक्क कोंबड्यांसारखे ओरडतात. घरच्यांसमोर लावायचा असेल तर हा लावा, लहान पोरांना फार आवडतो. आणि पहिल्या अल्बमच्या शेवटी स्लाय स्टोनचं ‘सिंपल साँग’ आहे. ते मूळ आणि हे, दोन्ही एकापाठोपाठ ऐका. स्लायचा ताफा मोठा, गाणारे चार-पाच, सगळे एकमेकांवर उडी घेतायत. इथे चौघांनी त्यातलं काय काय टाकून दिलंय ते कळेल.

आतापर्यंतचा हिशोब: एक ट्रॅक आठवडाभर, मग १९७४चा अल्बम, मग पहिले तीन थोडे थोडे. साधारण दोन महिने गेले. संचातलं उरलेलं आता घाईने सांगतो, कारण तिथे मीही घाईनेच जातो.

१९७२चा ‘कॅबेज अ‍ॅली’ हा चाचपडण्याचा अल्बम आहे. गाणारा बँड व्हायचं ठरलंय, पण काय गायचं ते ठरलेलं नाही. नील यंगचं ‘बर्ड्स’ मधेच येतं. पण त्यातलंच ‘गेटिन फंकियर ऑल द टाइम’ हे शीर्षक तुमच्या संचाला दिलंय, ते ऐकाच. १९७५चा ‘फायर ऑन द बायू’ चांगला आहे, शीर्षकगीत तर पहिल्या दर्जाचं. आणि याच सुमाराला सिरिल, तोच बाहेर राहिलेला धाकटा, रीतसर बँडमध्ये आला. या अल्बमच्या शेवटी ‘मार्डी ग्रा मँबो’ आहे. हे आर्टने पन्नासच्या दशकात, विशीही गाठली नव्हती तेव्हा, हॉकेट्स नावाच्या बँडबरोबर गायलं होतं. वीस वर्षांनी तेच गाणं तो पुन्हा गातोय. दोन्ही शोधून ऐकलीत तर एका शहराचा वीस वर्षांचा प्रवास कानाला कळतो.

‘ट्रिक बॅग’ (१९७६) आणि ‘न्यू डिरेक्शन्स’ (१९७७) हे मी तुम्हांला पहिल्या वर्षात देणार नाही. पहिल्यात ‘डिस्को इज द थिंग टुडे’ नावाचं गाणं आहे, यावरून वारं कळावं. दुसरा सॅन फ्रान्सिस्कोत डेव्हिड रुबिन्सन या निर्मात्याकडे केलेला, टॉवर ऑफ पॉवर या फंक बँडच्या ब्रासवाल्यांसह. वाजवणं पक्कं आहे, आवाज स्वच्छ आहे, पण घासूनपुसून ठेवलेल्या हॉलमध्ये पाहुणे बसल्यासारखं वाटतं. माझे काही मित्र यावर माझ्याशी भांडतात. ‘नो मोअर ओकी डोक’ ऐकून तुम्ही ठरवा. त्याच वर्षी बँड फुटला.

आणि आता ते, जे तुमच्या संचात नाही आणि तरी मी आधी ऐकायला सांगेन. ही मंडळी संगतकार होती हे मी वर म्हटलं. मग त्यांना संगत करताना ऐका की! डॉक्टर जॉनचा १९७३चा ‘इन द राइट प्लेस’ हा अल्बम घ्या, निर्माते तूसाँ, मागे मीटर्स. ‘राइट प्लेस राँग टाइम’ हे त्यातलं गाणं बहुतेक तुम्ही कुठल्या तरी सिनेमात ऐकलं असेल. रॉबर्ट पामरचा १९७४चा ‘स्नीकिन सॅली थ्रू द अ‍ॅली’, त्यातल्या काही गाण्यांत मागे हेच. लाबेल या गायिकांच्या गटाचं ‘लेडी मार्मलेड’, जे तुमच्या वयाच्या लोकांनी २००१च्या नव्या रूपात पाठ केलं, ते मूळ सी-सेंटमध्ये झालं आणि त्यातही मीटर्समधली काही मंडळी आहेत.

पण सगळ्यांत वर मी १९७६चा ‘द वाईल्ड चॉपिटूलस’ ठेवीन. ही खरीखुरी मार्डी ग्रा इंडियन टोळी. तिचा प्रमुख बिग चीफ जॉली हा नेव्हिल भावांचा मामा. मामा गातोय, चारही भाचे मागे गातायत, आणि खाली मीटर्स. जागेअभावी बाहेर राहिलेले सगळे गळे इथे घरी परत आलेत. हा अल्बम ऐकून झाल्यावर पहिल्या अल्बमचे ते बिनशब्दांचे ट्रॅक पुन्हा लावा. मला दर वेळी वाटतं की ते लोक मनात काहीतरी गातायत आणि आपल्याला फक्त खालचं ऐकू येतंय.

थेट कार्यक्रमाचं म्हणाल तर १९७५मध्ये पॉल मॅकार्टनीने क्वीन मेरी या कॅलिफोर्नियात कायमच्या नांगरलेल्या जहाजावर पार्टी दिली होती, तिथे हे वाजले. ते रेकॉर्डिंग १९९२मध्ये निघालं. याच काळात रोलिंग स्टोन्सच्या दौऱ्यांत, १९७५ला अमेरिकेत आणि १९७६ला युरोपात, ते आधी वाजवायचे. स्टुडिओत तीन मिनिटांत बंद होणारा ठेका सोडून दिला की कुठे जातो, हे त्या जहाजावर कळतं. पण ते सगळ्यात शेवटी.

बाजारात मीटर्सचे सुटे संग्रहही आहेत. १९९५चा दोन सीडींचा ‘फंकिफाय युअर लाइफ’ मी वर्षानुवर्षं शिकवणीत वापरला. कुणी विचारलं तर मी नवख्याला सहा सीडींऐवजी तोच सांगितला असता, पण तुम्ही मोठा घेऊन बसलातच आहात तर परत करू नका. लागेल.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, बास शिकायला घेऊ का. घ्या, पण लगेच नको. आधी ‘सिसी स्ट्रट’ लावून फक्त तोंडाने बासची ओळ म्हणा, तबल्याचे बोल म्हणता तशी, हातावर सोळा मोजत. त्या मोकळ्या जागा येतील तेव्हा तोंड मिटून घ्यायचं. सलग तीन मिनिटं जमलं, मधे एकदाही जास्तीचं काही म्हटलं नाहीत, की मला कळवा. कुठली गिटार घ्यायची ते तेव्हा सांगतो.